काडीवरचा गोठा

(ओट्यावर परात. परातीत केक चुरणारे दोन हात.)

आज करायचेत केक पॉप, म्हणजे केकच्या चुऱ्याचे गोळे वळून, काडीवर खोचून, चॉकलेटमध्ये बुडवलेले; नाताळच्या गोठ्यातल्या प्राण्यांच्या डोक्यांचे. हा केक कालचा आहे. मुद्दाम कालचा. आज भाजलेल्या केकमध्ये वाफ राहिलेली असते, त्यामुळे तो चुरताना हाताला चिकटतो आणि वळायला घेतला की लगदा होतो. रात्रभर झाकून ठेवलेला साधा व्हॅनिला केक असा बोटांखाली मोकळा होतो. वरची तांबूस साल आणि कडेचा कडक भाग आधीच काढलाय, कारण त्याचे कण पुढे चॉकलेटच्या पातळ थराखालून खडबडीत दिसतात. नाताळच्या मोठ्या केकचा माथा सपाट करताना जो तुकडा निघतो, तो या कामाला सगळ्यांत उत्तम. एरवी तो येता-जाता तोंडात टाकण्यातच संपतो.

चुरा भरला 400 ग्रॅम. त्यात बटरक्रीम 60 ग्रॅम: 20 ग्रॅम लोणी, 40 ग्रॅम पिठीसाखर. बस, इतकंच. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात नेमका इथे सैल सुटतो. मिश्रण कोरडं वाटतं, म्हणून आणखी एक चमचा जातो, मग आणखी एक. तूप जास्त झालेला रव्याचा लाडू ताटात कसा बसतो, ते घरोघरी माहीत आहे. हा गोळाही तसाच बसतो, फक्त तो काडीवर असतो, त्यामुळे घसरत खाली येतो. म्हणून आधी मुटका करून बघायचा. मूठ उघडल्यावर मुटका अखंड राहिला आणि तळवा तेलकट झाला नाही, की थांबायचं.

(वजनकाटा. काट्यावर एक गोळा.)

25 ग्रॅम. प्रत्येक गोळा तोलून घ्यायचा, अंदाजाने नाही. 460 ग्रॅममध्ये 18 गोळे होतात. तिशीच्या पुढे गेलेला गोळा बुडवताना काडी सोडतो. गोळा घट्ट दाबून वळायचा, भेग दिसली तर बोटाने बुजवायची. आत हवेची पोकळी राहिली, की दोन तासांनी त्याच जागी चॉकलेटमधून तेलाचा बारीक थेंब बाहेर येतो.

आता आकार. दहा गोळे गोल राहतील, त्या मेंढ्या. चार किंचित चपटे, रुंद कपाळाचे, ते बैल. उरलेले चार अंड्यासारखे लांबट, ती गाढवं. सगळ्यांची फक्त डोकी करायची. धड, पाय, शेपूट असा सबंध प्राणी काडीवर तोललाच जात नाही.

(वसईतला एक नाताळगोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. पेंढा, कागदी चांदणी, मातीचे प्राणी.)

मेंढी, बैल, गाढव हेच का, त्याचं उत्तर या गोठ्यात आहे. डिसेंबरात बाजारात केक पॉपचे साचे मिळतात ते पेंग्विनचे, पांढऱ्या अस्वलाचे, रेनडिअरचे. लाल नाकाचा रुडॉल्फ 1939 सालचा. शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने नाताळात मुलांना वाटण्यासाठी एक पुस्तिका काढली होती, त्यातून तो आला. गोठ्यातली बैल-गाढवाची जोडी त्याच्याहून कितीतरी जुनी. येशूच्या जन्माची गोष्ट सांगणाऱ्या, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, रात्री कळप राखणारे मेंढपाळ आहेत. बैल आणि गाढव त्यात नाहीत. ती दोघं येतात बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथातून. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव मालकाची गव्हाणी ओळखतं, अशा अर्थाची ओळ तिथे पहिल्याच अध्यायात आहे. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणीत गवत घातलं आणि खराखुरा बैल, खरंखुरं गाढव आणून शेजारी उभं केलं. आज वसईत, गोव्यात, जगभर दारोदारी जे गोठे उभे राहतात, त्यांची परंपरा त्या रात्रीशी जोडली जाते. मग बैल, गाढव आणि मेंढ्या केकमध्येही आल्याच पाहिजेत. त्यांना साचा लागत नाही. काजू, बदाम, खोबरं आणि काळे तीळ घरात असतातच.

(फ्रिजचं दार बंद होतं.)

गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये. फ्रीजरमध्ये नाही, हे पक्कं. गोठलेल्या गोळ्यावर चॉकलेट झटकन आवळतं, मग आतला केक खोलीच्या उबेला येताना फुगतो आणि वरचं कवच उभं तडकतं. तडकलेलं डोकं पुन्हा बुडवता येतं, पण थर जाड होतो आणि गाढवाचं नाक जातं.

चॉकलेट कम्पाउंडचं, म्हणजे कोकोआ बटरऐवजी वनस्पती तुपाचं घेतलंय, पांढरं, 400 ग्रॅम. कवच चढायला याच्या निम्मंच लागतं, पण डोकं पूर्ण बुडेल एवढी खोली भांड्यात हवी. उरलेलं थिजवून पुन्हा वापरता येतं. कोकोआ बटरचं अस्सल चॉकलेट चवीला सरस, यात वाद नाही, पण ते टेम्पर करावं लागतं, म्हणजे ठरावीक तापमानांना तापवून-निववून घ्यावं लागतं. पहिल्या खेपेला कम्पाउंड बरं. पातेल्यात गरम पाणी, त्यावर भांडं, आच बंद. चॉकलेट 40 ते 45 अंशांवर ठेवायचं, बोटाला छान कोमट लागेल इतपत. याहून गरम झालं, तर गोळा आतून सुटतो.

(भांड्याच्या कडेवरून वाफेचा एक थेंब ओघळतो.)

हा थेंब आत पडता कामा नये. चमचाभर पाणीही पुरे, सगळं चॉकलेट दाणेदार होऊन गोळा होतं. म्हणून चमचा ओला नको, भांड्याचा तळ पुसून घ्यायचा, आणि पातळ करायला दूध किंवा लोणी घालायचं नाही, कारण लोण्यातही पाणी असतं. वास नसलेलं तेल, 200 ग्रॅमला एक लहान चमचा. रंगाचंही तेच. आयसिंगचे नेहमीचे जेल रंग पाण्यातले असतात. इथे तेलात मिसळणाराच रंग हवा.

काडी कागदी, 15 सेंटिमीटर. तिचं दीड सेंटिमीटर टोक चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्याच्या अर्ध्याच्या थोडं पुढे खोचायचं. आरपार गेली, तर डोक्यावर उंचवटा येतो. पुन्हा दहा मिनिटं फ्रिज, म्हणजे सांधा धरतो. काडी पडते ती बहुतेक वेळा हा सांधा चुकल्यामुळे.

(काचेचा उभा, अरुंद पेला. एक डोकं सरळ आत जातं, सरळ वर येतं.)

ढवळायचं नाही. सरळ खाली, काडीच्या मुळापर्यंत, आणि सरळ वर. मग काडी तिरकी धरून हळूहळू फिरवायची आणि दुसऱ्या हाताने मनगटावर टिचक्या मारायच्या. काडीवर मारल्या, तर गोळा हलतो.

आधी मेंढ्या, कारण पांढरा रंग आधी लागतो. कवच ओलं आहे तोवरच खोबऱ्याचा बारीक कीस भुरभुरवायचा. थंड गोळ्यावर मिनिटभरात चॉकलेट घट्ट होतं, मग कीस बसत नाही. तोंडापुरती जागा कोरी ठेवायची. कानांना बदामाचे पातळ काप, आडवे. आपल्याकडच्या दख्खनी मेंढ्या बहुतेक काळ्या. या कळपात म्हणून दोन मेंढ्या चॉकलेटच्या शेवयांत घोळवल्या आहेत, आणि पांढऱ्या आठांमध्ये त्याच उठून दिसतात.

मग त्याच पेल्यात चिमूटभर काळा रंग. झाला राखाडी. गाढवाचे कान बुडवण्याआधी बसवलेत: कोरडा बदाम उभा चिरून, एक तृतीयांश आत. डोक्याबरोबर कानही राखाडी होतात. बदाम भिजवून सोलायचा मोह टाळायचा, त्यातलं पाणी चॉकलेटला लागतं. कवच सुकलं की नाकाचा शेंडा, वेगळ्या वाटीत बाजूला काढलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये टेकवायचा.

उरलेल्या राखाडीत 60 ग्रॅम डार्क कम्पाउंड, की तपकिरी बैल. एकच भांडं, फिक्याकडून गडदाकडे. बैलाची शिंगं मात्र नंतर लावायची, ती पांढरी राहायला हवीत. लहान काजूच्या दोन पाकळ्या, वाक आतल्या बाजूला, बुडाला चॉकलेटचा ठिपका. ठिपका धरेपर्यंत वीसपर्यंत मोजत शिंग धरून ठेवायचं.

(अगदी जवळून: टूथपिकच्या टोकावर एक काळा तीळ.)

(इथे निवेदन नाही.)

तिळाचं निमुळतं टोक नाकाकडे. दोन डोळ्यांमध्ये अंतर जास्त ठेवायचं आणि ते चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या जरा खाली बसवायचे, मग तोंड कोवळं दिसतं. वर आणि जवळजवळ बसवले, की बैल रागावलेला वाटतो.

बटरक्रीमचे असल्याने बंद डब्यात बाहेर दोन दिवस राहतात. फ्रिजमध्ये ठेवलेच, तर काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही, किनाऱ्याच्या दमट हवेत त्यांना घाम फुटतो. पाच वर्षांखालच्या मुलांना काडी, काजू, बदाम काढून द्यावेत.

(तांदळाने भरलेला पसरट डबा, वर पेंढा. काड्या एकेक करून तांदळात रोवल्या जातात.)

थर्माकोल हलका असतो, अठरा डोकी पेलताना कलंडतो. तांदूळ जड, आणि काडी हवी तशी वळवता येते. मागे मेंढ्या, डावीकडे बैल, उजवीकडे गाढवं, सगळ्यांची तोंडं मधोमध. मधली जागा मोकळी आहे. 24 तारखेच्या मध्यरात्री तिथे बाळ येशूची मूर्ती येईल. तोपर्यंत गाढवाचा एक कान जरा सैल वाटतोय, त्याला मागून चॉकलेटचा आणखी एक ठिपका.