तिसऱ्या परिच्छेदातला माग

(दृश्य: इचलकरंजी. अंधारी शेड. बटण दाबलं जातं, पट्टा फिरू लागतो. धोट्याचा क्लोजअप.)

हा साधा माग. धोटा डावीकडून सुटतो, उजव्या पेटीत आदळतो, परत फिरतो. पोटातल्या कांडीचं सूत त्याच्याबरोबर पळतं. थोडा वेळ नुसतं ऐका. आवाज आम्ही मुद्दामच कमी केलेला नाही.

(वीस सेकंद फक्त मागाचा आवाज.)

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला. या गावात पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही, आणि गावच्या माणसाला माग थांबले की जाग येते.

मिनिटाला १४२ ठोके. हे मोजलंय या शेडच्या मालकांच्या मुलीने. ती पुण्यात राहते, इलेक्ट्रॉनिक संगीत करते. पाठीशी ना कंपनी, ना मॅनेजर. दोन उन्हाळे ती सुट्टीला घरी आली ती रेकॉर्डर घेऊनच. एक माइक छताला टांगलेला, दुसरा मागाच्या बिडाच्या चौकटीला चिकटपट्टीने घट्ट बसवलेला. हा दुसरा माइक हवेतला आवाज धरत नाही, लोखंडातली थरथर धरतो. बघा, पट्टीची कड दर ठोक्याला कशी उचलली जाते.

(दृश्य: चिकटपट्टी. मग पुण्यातली खोली, लॅपटॉपवर आवाजाच्या लाटा.)

त्यातून चार ट्रॅक झाले. मास्टरिंग म्हणजे आवाजाची शेवटची सफाई झाली, कव्हर झालं. रिलीजला पाच दिवस उरले तेव्हा तिने संगीतावर लिहिणाऱ्यांच्या ६१ पत्त्यांवर एकच प्रेस नोट ई-मेलने पाठवली.

एकाचंही उत्तर आलं नाही. नाही म्हणायला एकाचं आलं, त्यात दरपत्रक होतं: इतके पैसे दिले की इतक्या ओळी. तिने ते मिटवून टाकलं.

ती प्रेस नोट आता पडद्यावर आहे. पहिला परिच्छेद सांगतो की हा शैलींच्या सीमा ओलांडणारा ध्वनिप्रवास आहे. दुसऱ्यात तिच्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे ते. तिसऱ्याच्या शेवटी अर्धी ओळ: काही ट्रॅकमध्ये कापडयंत्रांचे आवाज वापरले आहेत.

माग तिथे, तळाला जाऊन बसला होता.

(दृश्य: मुंबई. एका संग्राहकाचं टेबल. चंदेरी रंगाची छोटी पेटी, शेजारी रंगीत बटणांची दुसरी.)

इथे जरा थांबून मागे जायला हवं. ही चंदेरी पेटी म्हणजे रोलँड कंपनीचं टीबी-३०३. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून १९८१ साली बनवलेलं यंत्र. फारसं विकलं गेलं नाही, काही वर्षांत कंपनीने बंदच केलं. शेजारचं टीआर-८०८, ठेक्याचं यंत्र.

मुंबईचे चरणजित सिंग फिल्मी रेकॉर्डिंगमधले वादक. शंकर-जयकिशनपासून राहुल देव बर्मनपर्यंत अनेकांच्या गाण्यांत त्यांनी वाजवलेलं. सिंगापूरला गेले असताना त्यांनी अशीच एक चंदेरी पेटी विकत आणली. सिनेमात तेव्हा डिस्कोची चलती होती. त्यांनी ठरवलं, राग घ्यायचे, तबला काढून ठेवायचा आणि खाली डिस्कोचा ठेका लावायचा. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस... असे दहा राग. १९८२ साली ध्वनिमुद्रण झालं आणि एचएमव्हीने तबकडी काढली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

(दृश्य: संग्राहकाची बोटं पेटीचं बटण फिरवतात. स्वर घसरत वर चढतो.)

या घसरणीकडे कान द्या. यंत्राच्या भाषेत याला स्लाइड म्हणतात. एका स्वराचा हात न सोडता दुसऱ्यावर जायचं. आपल्याकडे मींड असते तिच्याच जवळचं काहीतरी. जपानी अभियंत्यांच्या मनात मींड नव्हती, पण चरणजित सिंगांच्या कानात ती होती, आणि म्हणून त्यांच्या हातात हे यंत्र वेगळं बोललं.

तबकडी फारशी खपली नाही. पुढची वीस वर्षं तिचं नाव कुणी काढलं नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. मुंबईत येऊन त्याने चरणजित सिंगांना गाठलं आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवरून ती नव्याने काढली. तेव्हा जगभरातून लिहून आलं. २०११ साली लंडनच्या ‘द गार्डियन’नेही त्यांच्यावर लिहिलं. स्वर एकही बदललेला नव्हता. नवी होती ती सांगायची एक ओळ: शिकागोत १९८७ साली याच टीबी-३०३वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघालं आणि ज्या संगीताला जग अ‍ॅसिड हाऊस म्हणू लागलं, तसं काहीतरी मुंबईत पाच वर्षं आधीच वाजलं होतं. काहींना तर ही तबकडी चक्क बनवाबनवी वाटली, इतकी ती ओळ पक्की बसली.

मला मात्र त्यांची स्वतःची ओळ जास्त जवळची वाटते: राग ठेवला आणि तबला काढला. ती १९८२ साली कुणी मराठीत लिहिली असती, तर यमनमध्ये वाढलेल्या वाचकाला शिकागो सांगावं लागलं नसतं. सत्तरी पार केल्यावर त्यांनी युरोपात हे राग रंगमंचावर वाजवले. जुलै २०१५ मध्ये ते गेले.

(दृश्य: कोल्हापूर. वृत्तपत्राचं कार्यालय, दुपार. टेबलावर पुरवणीची पानं.)

परत आपल्या चार ट्रॅककडे. रिलीज स्वतःचा असण्याचा एक मोठा फायदा म्हणजे तारीख स्वतःच्या हातात असते. तिने ती सात आठवडे पुढे ढकलली आणि कोल्हापूरला एका उपसंपादकांना भेटायला गेली. त्यांनी हेडफोन लावून पहिला ट्रॅक पूर्ण ऐकला. मग विचारलं,

“माग कितव्या नंबरचा, बाळ?”

“सर, ते नाही माहीत.”

“वडिलांना विचार. आणि टिपण मराठीत लिहून आण.”

(दृश्य: शेड. वडील खुर्चीवर, फोन कानाशी. डोळे मिटलेले.)

आमचा कॅमेरा त्या संध्याकाळी शेडमध्ये होता. वडिलांनी फोन कानाला लावला. पाच-सहा ठोके झाले असतील.

“तीन नंबर,” ते म्हणाले. “उजवी पेटी सैल होती त्याची. ऐक की, दर चौथ्याला जरा उशिरा लागतोय.”

ज्या उशिराला ती दोन वर्षं आपल्या संगीताचा डौल समजत होती, तो सैल पेटीचा होता. रात्री तिने नवं टिपण लिहिलं. पहिली ओळ: ‘तीन नंबरच्या मागाची उजवी पेटी सैल होती, त्या चुकार ठोक्यावर ही रचना उभी आहे.’

सवाई गंधर्व महोत्सवाचे मराठी वृत्तान्त काढून बघा. कोण काय गायलं, राग कोणता, बंदिश कोणती, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, सगळं असतं त्यात. ज्या आलापात एकही शब्द नाही, त्यावर आपले लोक परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत आले आहेत. शब्द नसलेल्या आवाजाबद्दल लिहायची सवय या भाषेला आहे. तरी आपली पोरं प्रेस नोट इंग्रजीत लिहितात, इंग्रजीतल्याच संपादकांना पाठवतात आणि वाट बघत बसतात. हे बदलायला हवं, आणि दोन्ही बाजूंनी.

(दृश्य: लॅपटॉप. एकेक ई-मेल लिहिला जातो आहे.)

या वेळी पत्ते ११. प्रत्येकाला वेगळा ई-मेल, आणि त्या माणसाने आधी काय लिहिलंय ते वाचून. विषयाच्या ओळीत नाव, रिलीज आणि तारीख. जड फायली जोडलेल्या नाहीत, ऐकायला एक खासगी लिंक आणि उतरवून घ्यायला एक. फोटो दोन, आडवा आणि उभा, छपाईला चालतील इतके मोठे, खाली फोटो काढणाऱ्याचं नाव. श्रेयनामावलीत मास्टरिंग करणारा आहे, आणि माग चालवणारे कामगारही आहेत, त्यांना विचारून. एक ट्रॅक प्रीमियरसाठी, म्हणजे एकाच ठिकाणी सगळ्यांत आधी ऐकवला जावा म्हणून, बाजूला काढला आणि तो एकालाच देऊ केला. दोघांना कबूल केला असता तर दोघंही तुटले असते. हे सगळं रिलीजच्या पाच आठवडे आधी. आठवड्याने एकदा आठवण केली, त्यानंतर पुन्हा नाही.

‘वडिलांचं मत’ असं एक ओळीचं शीर्षक देऊन त्यांचं वाक्यही तिने टिपणात टाकलं, जसंच्या तसं. ते आम्हाला फार आवडलं.

कोल्हापूर आवृत्तीत फोटोसह दोन परिच्छेद आले, मथळ्यात तीन नंबरचा माग. त्या एका ट्रॅकचा प्रीमियर एका इंग्रजी संकेतस्थळाने केला. बाकीच्यांचं उत्तर नाही.

शेडमधले सहाही माग पावसाळ्यात किलोच्या भावाने गेले.

(दृश्य: रिकामी शेड. फरशीवर तेलाचे सहा काळे चौकोन. तिसऱ्याजवळ वडील उभे. निवेदन नाही. तीस सेकंद.)

पुढचं रेकॉर्डिंग ती कांड्या भरणाऱ्या बायकांसोबत करते आहे. संगीत अजून अर्धंच झालंय. टिपणाची पहिली ओळ मात्र लिहून झाली आहे, त्यातल्याच एकीने सांगितलेली.

(दृश्य: कांडी भरणारा हात. सूत संपतं, नवं जोडलं जातं. काळा पडदा.)