रात्री दवाखान्याच्या दारात

श्रोतेहो, नमस्कार.

मी वाघोटण खाडीच्या काठचा बागायतदार. आमच्या पंचक्रोशीतल्या वीस-बावीस जणांनी मिळून एक नागरिक गट केला आहे. निवृत्त शिक्षक आहेत, दोन आशाताई आहेत, एक औषधाचे दुकानदार आहेत, मच्छीमार सोसायटीत उमेदीची वर्षं घालवलेले एक काका आहेत. महिन्यातून एकदा शाळेच्या पडवीत आम्ही बसतो आणि राज्याचे आरोग्याचे कायदे वाचतो. त्या वाचनातून आमचं जे म्हणणं तयार झालं, ते आज तुमच्यासमोर ठेवायचं आहे. पण हे वाचन सुरू का झालं, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लावणीचे दिवस. तिन्हीसांजेला माझ्या थोरल्या वहिनी गडग्याच्या कडेला ठेवलेली लाकडं काढायला गेल्या. जांभ्याचा जुना गडगा, दगडांच्या फटी, त्यात पावसाने दमट झालेला पाचोळा. तिथून हात झटकत त्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "कायतरी चावला माका." बॅटरी घेऊन बघितलं तर फुरसं. हातभर लांबीचं, वेटोळं करून अंगाला अंग घासत बसलेलं, करवतीसारखा आवाज करत. कोकणात ज्याचं बालपण गेलं, त्याला तो आवाज सांगावा लागत नाही.

आम्ही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. दार उघडं होतं, दिवा चालू होता, आत एकट्या सिस्टर. डॉक्टरांकडे दुसऱ्या केंद्राचाही चार्ज होता, ते तिकडे गेलेले. त्या सिस्टरांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही करकचून बांधलेलं फडकं त्यांनी आधी सोडवलं. मग थोडं रक्त काढून एका कोरड्या काचेच्या नळीत घातलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्त गोठलेलं असेल तर जागचं हलत नाही. वहिनींचं रक्त पाण्यासारखं वाहिलं. फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच घालवतं, हे त्या नळीने आम्हाला दाखवलं. सिस्टरांनी कपाट उघडलं. सर्पदंशाच्या लसीच्या दोन बाटल्या होत्या. लागतात आठ ते दहा. डॉक्टरांना फोन लावून, त्यांच्या सांगण्यावरून त्यांनी त्या दोन सुरू केल्या आणि म्हणाल्या, "आता इथे थांबू नका."

१०८ची गाडी दुसऱ्या टोकाला एक बाळंतीण घेऊन गेली होती. शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही तालुक्याला, एका खासगी रुग्णालयात गेलो. काउंटरवर सांगितलं, आधी वीस हजार भरा, मग फाइल करतो. माझ्या खिशात तीन हजार दोनशे होते. मुंबईला पुतण्याला फोन, त्याचा एका मित्राला फोन, मोबाइलला रेंज नाही म्हणून मी पावसात रस्त्यावर उभा. पैसे पोचायला चाळीस मिनिटं गेली. तोवर वहिनींच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. पदराने त्या तोंड पुसत होत्या आणि भाऊ त्यांच्यासमोर उभा राहून पदराचा रंग बघत होता.

वहिनी वाचल्या. मोठं ऋण आहे ते. पण ती चाळीस मिनिटं माझ्या मनातून गेली नाहीत, आणि त्या दोन बाटल्याही.

आम्ही वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की त्या रात्री आमच्यावर जी वेळ आली, तिच्याबद्दल न्यायालय आधीच बोललेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे की जखमी माणूस समोर आला की त्याचा जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, मग डॉक्टर सरकारी असो की खासगी. १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराच्या प्रकरणात तेच न्यायालय पुढे गेलं. तो माणूस रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेला, आणि एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलेला. न्यायालय म्हणालं, वेळेवर उपचार न देणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

आता आपल्या राज्याकडे येऊ. आपल्याकडे शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे तो १९४९ सालचा. केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांचा नवा कायदा केला, पण आरोग्य हा राज्यांचा विषय, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. जुन्या कायद्याच्या नियमांत मात्र जानेवारी २०२१ मध्ये चांगली दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, पंधरा प्रकारच्या सेवांचे दर लावायचे, बिल भरलं नाही म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही, तक्रारीसाठी कक्ष आणि टोल-फ्री क्रमांक हवा. किती जणांनी ही सनद भिंतीवर पाहिली आहे? आमच्या गटातल्या लोकांनी पुढच्या खेपेला दवाखान्यात गेल्यावर मुद्दाम शोधली. एका ठिकाणी ती सापडली, कॅलेंडरच्या मागे.

या नियमांना आमचा पाठिंबा आहे. पण ते खाटा असलेल्या खासगी दवाखान्यांपुरतेच आहेत. नुसती तपासणी करणारे दवाखाने, रक्त तपासणाऱ्या लॅब त्यात येत नाहीत. आणि आमचा मुख्य मुद्दा त्याहून मोठा आहे. त्या रात्री दोन दारांत आम्ही उभे राहिलो. खासगी दारात पैसे मागितले, सरकारी दारात लस पुरेशी नव्हती. कायदा बोलतो तो खासगी दाराशी. सरकारी दारात बाटल्या दोनच का, डॉक्टर एकाच वेळी दोन केंद्रांवर कसा, याचा जाब विचारायला आपल्याला कायद्यात जागाच नाही. आमचं म्हणणं असं, की महाराष्ट्राने आरोग्य हक्काचा कायदा करावा आणि त्याने सरकारने आधी स्वतःला बांधून घ्यावं.

हे होऊ शकतं, कारण एका बाबतीत आपण ते केलेलं आहे. २०१५ साली राज्याने लोकसेवा हक्क कायदा केला. दाखला इतक्या दिवसांत द्यायचा, नाही दिला तर पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. मला सांगा, दाखल्यासाठी जर मुदत आणि दंड असू शकतो, तर पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक केंद्रात निदान एका रुग्णाला पुरेल इतकी लस ठेवण्याचं बंधन का असू नये? ती भुकटीच्या स्वरूपात सुकवलेली येते, बर्फाच्या पेटीतच ठेवायला हवी अशीही नसते. औषध खरेदीसाठी राज्याने २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण कायद्याने उभं केलं. तामिळनाडूने अशी यंत्रणा नव्वदच्या दशकातच उभी केली होती, तिचं नाव आजही घेतलं जातं. खरेदी कुणी करायची हे ठरलं, आता कपाटात किती असलं पाहिजे तेही कायद्याने ठरू दे.

राजस्थानने हा रस्ता धरला. २१ मार्च २०२३ला तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला. अपघात, सर्पदंश, प्राण्याचा दंश अशा आणीबाणीत आगाऊ पैसे न मागता उपचार करायचे, आणि रुग्णाला परवडलं नाही तर खर्च सरकारने भरून द्यायचा. सर्पदंश हा शब्द कायद्यात वाचला तेव्हा आमच्या पडवीत कुणी बोललं नाही. त्या कायद्याविरुद्ध डॉक्टरांनी दोन आठवडे आंदोलन केलं, आणि तडजोड झाली त्यात पन्नासहून कमी खाटांची खासगी रुग्णालयं बाजूला ठेवायचं कबूल झालं. श्रोतेहो, ही एक ओळ कोकणाने नीट ऐकावी. आपल्याकडे तालुक्याच्या गावांतली खासगी रुग्णालयं बहुतेक दहा-वीस खाटांची. ती सूट जशीच्या तशी इथे आली, तर कायदा मुंबई-पुण्याला लागू होईल आणि खाडीच्या अलीकडे तो कागदावर राहील.

इथे मला डॉक्टरांची बाजूही तुमच्यासमोर ठेवायची आहे. आमच्या एका बैठकीला तालुक्याचे एक डॉक्टर आले होते. पंधरा खाटांचा दवाखाना, बायको भूलतज्ज्ञ, दोघंच चालवतात. ते म्हणाले, "दहा बाटल्या मी माझ्या फ्रिजमधून काढून वापरल्या, रुग्णाने चौथ्या दिवशी हात जोडले, तर मी कुणाकडे बघू? सरकारी योजनेचं बिल मिळायला मला सहा-सहा महिने लागतात." आम्ही त्या दिवशी आमचा मसुदा बदलला. आधी आम्ही फक्त डिपॉझिट बंद करा एवढंच लिहिलं होतं. आता त्यात आहे: आणीबाणीच्या उपचाराचं बिल जिल्हा निधीतून तीस दिवसांत डॉक्टरच्या खात्यात, आणि उशीर झाला तर व्याजासकट. डॉक्टरला तुरुंगात टाकण्याची कलमं आम्हाला नको आहेत. दवाखान्याची तोडफोड, डॉक्टरला मारहाण यांविरुद्ध २०१० सालचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. त्यालाही आमचा पूर्ण पाठिंबा आहे. गावात राहून रात्री दार उघडणारा डॉक्टर टिकला पाहिजे.

कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन घेणं, याबद्दल मात्र आम्ही कडक आहोत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे ज्यांना जग ओळखतं, त्यांनी तपासणी केंद्राकडून आलेला कमिशनचा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. त्यानंतर २०१७ मध्ये राज्याने या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार केला. तो अजून कायदा झालेला नाही. कोकणात काम करणाऱ्या एका डॉक्टराने सुरू केलेली गोष्ट कोकणच्या आमदारांनी सभागृहात पुरी करावी, अशी आमची मागणी आहे.

आणखी एक मुद्दा, आणि हा खास आपला. प्राथमिक आरोग्य केंद्र किती माणसांमागे, तर सपाटीवर तीस हजार, डोंगरी भागात वीस हजार. माणसं मोजून केंद्रं देण्याची ही पद्धत. आता जनगणना बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची सोळा लाख शहाण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. तरणी माणसं मुंबईला, घरात म्हातारी-कोतारी आणि बायका. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ बायका, यामागे तेच कारण. म्हणजे दवाखान्याची गरज जितकी वाढते, तितकी डोकी कमी होतात, आणि डोकी कमी म्हणून नवं केंद्र नाही. गाव म्हणजे आठ वाड्या, मधे घाटी, मधे खाडी, तर खाली उतरायला वेळ किती लागतो हे मोजायला हवं. आमची मागणी आहे की कायद्यात अंतर आणि वेळ धरावी: कुठल्याही वाडीतून अर्ध्या तासात आरोग्य केंद्र, एका तासात रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय. आज गंभीर रुग्ण घेऊन आपण आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो, नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. गोव्याने २०१८च्या सुरुवातीला बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीच्या लोकांवर काय वेळ आली ते त्यांना विचारा.

ओरोसला आणि रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली, ही आनंदाची बाब. पण १५ ऑगस्ट २०२३पासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात नव्हती. जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडलं की त्याचं खातं बदलतं. रुग्णाला खातं कळत नाही, त्याला केसपेपरची खिडकी कळते. दोन्ही खात्यांत एकच नियम असावा, एवढं आम्ही लिहून दिलं आहे.

मागण्यांचा हा कागद दोन पानांचा आहे. येत्या ग्रामसभेत तो ठराव म्हणून मांडायचा आम्ही ठरवलं आहे. तुमच्याही ग्रामसभेत तो ठेवा, त्यात तुमची भर घाला, एक प्रत तुमच्या आमदारांना आणि एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घ्या.

मसुदा पुरा झाला त्या दिवशी मी तो घरी वाचून दाखवला. वहिनी सुपात तांदूळ निवडत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एक लिव. रातीची डाक्टर कोण आसा, त्येचा नाव नि फोन भायर फळ्यार लिवलेला होया. दार ठोकूच्या आदी माणसाक कळाक होया." ती ओळ आता पहिल्या पानावर आहे, सर्वांत वर.

नमस्कार.