कालवा, कर्नल आणि फुटलेली फौज

(वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त पाटबंधारे अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘दक्षिण सुदानची बंडखोर फौज आणि तिचं नेतृत्व’. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेला माणूस यावर काय बोलणार, असं खालच्या ओळीत कुणीतरी कुजबुजलं, ते ऐकलं मी. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की या फौजेची गोष्ट मला कळली ती एका कालव्यामुळे. म्हणून आधी कालवा, मग फौज.

नकाशा मागे लावलाय. युगांडाकडून उत्तरेला येणारी ही पांढरी नाईल. दक्षिण सुदानात (आज वेगळा देश, तेव्हा सुदानचाच दक्षिण भाग) शिरली की जमीन इतकी सपाट होते की नदी पसरते, लव्हाळ्यात हरवते. अरबीत या दलदलीला ‘सद्द’ म्हणतात, म्हणजे अडथळा. पांढऱ्या नाईलचं जवळजवळ निम्मं पाणी इथे वाफ होऊन आकाशात जातं. कुठल्याही पाटबंधारेवाल्याच्या पोटात गोळा यावा असा हा आकडा. म्हणून इंग्रजांच्या काळापासून एकच विचार चालू होता: दलदलीला बगल देऊन थेट कालवा काढायचा. बोर गावापासून सोबत नदीच्या मुखापर्यंत 360 किलोमीटर. हो, नदीचं नावच सोबत आहे. हसा, मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. तर हा जोंगलेई कालवा. वाचणारं पाणी इजिप्त आणि उत्तर सुदान वाटून घेणार होते.

1978 मध्ये खोदकाम सुरू झालं. फ्रेंच कंपन्यांकडे काम होतं, आणि यंत्र कसलं म्हणता? चाकाला बादल्या लावलेलं, दोन हजार टनांहून जड धूड. जर्मनीत बनलेलं, आधी पाकिस्तानात चश्मा-झेलम कालवा खोदून आलेलं. तिथे सुटं केलं, सुदानला नेलं आणि सोबतच्या मुखापाशी पुन्हा जोडलं. एक यंत्र सुटं करून परत उभं करणं काय असतं, हे ज्याने साधं पोकलेन उघडलंय त्याला विचारा. रात्रंदिवस ते चाक फिरायचं आणि मागे पन्नासेक मीटर रुंदीचा सरळसोट चर उरायचा. अभियंता म्हणून माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू.

आता इथे मला जरा थांबायचंय.

मी नोकरीत नवा असताना एका डाव्या कालव्याच्या सर्वेक्षणावर होतो. प्रकल्पाचं नाव सांगत नाही. खुंट्या ठोकत चाललो होतो, तर एक आजी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात वेळूची काठी, मागे दोन म्हशी आणि एक रेडकू. म्हणाल्या, “बाळा, ह्यो पाट झाल्यावर माझी गुरं पल्याड गायरानात कुठनं जायची?” मी नकाशा उघडला. आजी उभ्या होत्या त्या जागेपासून पुढचा पूल साडेतीन किलोमीटरवर. मी म्हणालो, “आजी, वर कळवतो.” कळवलं. शेरा आला: अंदाजपत्रकात तरतूद नाही. दुसऱ्यांदा कळवलं, त्याचं उत्तरच आलं नाही. कालवा झाला, अस्तरीकरणही झालं. पहिल्याच उन्हाळ्यात ते रेडकू पाण्यावर उतरलं आणि गुळगुळीत उतारावरून त्याला वर येता येईना. चौघांनी दोर लावून काढलं, पण पाय मोडला होता. आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत. रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. त्या आज नाहीत, कालवा आहे. पूल पुढे झाला, पण तो साखर कारखान्याच्या रस्त्यासाठी.

जोंगलेईत हेच झालं, फक्त लाखो गुरांच्या बाबतीत. दिंका आणि नुएर ही तिथली गुराखी माणसं. पावसाळ्यात उंचावरच्या गावात राहायचं, पाणी ओसरलं की गुरं घेऊन नदीकाठच्या कुरणात उतरायचं. त्या कुरणाला ते ‘तोइच’ म्हणतात. कालवा बरोबर गाव आणि तोइच यांच्या मधून आखलेला. दलदल आटली तर कुरणंही आटणार. 1974 मध्ये इजिप्तचे वीस लाख शेतकरी इथे आणून वसवणार अशी वावडी उठली, जुबा शहरात दंगल झाली, माणसं मेली. तेव्हा दक्षिणेच्या प्रादेशिक सरकारचे प्रमुख होते आबेल आलिएर, स्वतः बोरकडचेच दिंका. लोकांना काठीने हाकून स्वर्गात न्यावं लागलं तरी त्यांच्या भल्यासाठी नेऊ, अशा अर्थाचं ते बोलले. हाकून! गुराख्यांनाच हाकायची भाषा.

आणि नेमक्या याच कालव्याच्या प्रदेशावर, अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठात, 1981 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला. विषय कृषी अर्थशास्त्र. कालवा नकोच, असं तो म्हणत नाही. त्याचं दुखणं असं की पाणी न्यायची योजना पक्की आहे, तिथल्या माणसांच्या विकासाची बाजू मात्र नावापुरती. हा अधिकारी म्हणजे कर्नल जॉन गारांग. दिंका, बोरच्या परिसरातलाच. पोरवयात पहिल्या यादवीतल्या अन्यान्या बंडखोरांकडे गेलेला, ती यादवी मिटवून दक्षिणेला स्वायत्तता देणाऱ्या 1972 च्या अदिस अबाबा करारानंतर सरकारी सैन्यात सामावून घेतलेला.

तो करार सुदानचे अध्यक्ष निमेरी यांनी केला आणि त्यांनीच मोडला. 1978 मध्ये बेंतियूजवळ तेल लागलं, उत्तरेची नजर फिरली. 1983 मध्ये दक्षिणेचे तीन तुकडे केले आणि सप्टेंबरात शरियतचे कायदे लादले. त्याआधीच, 16 मे 1983 ला, बोरमधल्या सरकारी सैन्याच्या 105 क्रमांकाच्या पलटणीने बंड केलं होतं. पलटणीचा म्होरक्या केरुबिनो क्वान्यिन बोल. सुदानची राजधानी खार्टूमहून गारांग तिथेच आलेले होते. सगळे इथिओपियाच्या हद्दीत गेले आणि जुलैत एसपीएलए, म्हणजे सुदान जनमुक्ती सेना, उभी राहिली; हीच आपली बंडखोर फौज. तिचे अगदी सुरुवातीचे हल्ले कशावर झाले? कालव्याच्या छावण्यांवर. 1984 मध्ये काम थांबलं. दोन-तृतीयांशाहून जास्त चर खोदून झाला होता. ते यंत्र आजही तिथेच गंजत उभं आहे आणि त्या कोरड्या चरात उतरलेली हरणं वर येऊ न शकल्याने मरतात. हे वाचलं त्या दिवशी मला ते रेडकू आठवलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताय? बरं. म्हणजे जे सांगायला आलो तेच आता पळत सांगावं लागणार.

माझं म्हणणं असं. ज्या माणसाने तिथल्या लोकांचं काय, हा प्रश्न घेऊन प्रबंध लिहिला, त्याने उभारलेल्या संघटनेत प्रश्न विचारायची सोयच ठेवली नाही. म्हणून तिथे मतभेद म्हणजे एक तर तुरुंग, नाही तर फुटणं.

पहिलं भांडण ध्येयावरून. जुने अन्यान्यावाले म्हणत, वेगळा देश हवा. गारांग म्हणत, नाही, अख्खा सुदान बदलू, धर्मनिरपेक्ष नवा सुदान करू. विचार मोठा होता, मला आजही पटतो. शिवाय इथिओपियाचे हुकूमशहा मेंगिस्तू स्वतः एरिट्रियाच्या फुटीरांशी लढत होते, त्यांच्या दारात राहून फुटून निघायची भाषा करता येत नव्हती. पण हा वाद बैठकीत सुटला नाही. सॅम्युएल गाय तुत, अकुओत आतेम असे विरोधी पुढारी त्या भांडणात मारले गेले.

फौजेच्या सर्वोच्च मंडळातले पाच जण घ्या. गारांग, केरुबिनो, विल्यम न्युओन, साल्वा कीर, आरोक थोन आरोक. ज्याच्या पलटणीने पहिली गोळी झाडली त्या केरुबिनोलाच गारांगनी 1987 मध्ये कैदेत टाकलं, पुढे आरोकलाही. न्युओन 1992 मध्ये फुटला. तिघेही नंतर कधी ना कधी खार्टूम सरकारच्या वळचणीला गेले आणि 1999 संपायच्या आत तिघेही मेले.

1991 च्या मे महिन्यात मेंगिस्तू पडले, इथिओपियातले तळ एका झटक्यात गेले. 28 ऑगस्टला नासिर गावातून फौजेतल्याच रिएक माचार आणि लाम अकोल या सेनानींनी जाहीर केलं, गारांग हटाव. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या: एकाधिकार, विनाचौकशी कैद, लहान मुलांची भरती. माचार नुएर, गारांग दिंका. नोव्हेंबरात माचारच्या बाजूचे नुएर लढवय्ये बोरवर तुटून पडले. सुमारे दोन हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने दिला. गुरं हाकून नेली, मागोमाग उपासमार. लोकशाही मागायला निघालेल्यांनी हे केलं. माचार पुढे 1997 मध्ये खार्टूमशी करार करून मोकळे झाले आणि 2002 मध्ये परत गारांगकडे आले.

संघटनेचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरलं 1994 मध्ये, चुकुडुमला. म्हणजे स्थापनेनंतर अकरा वर्षांनी! आपल्याकडे दूध सोसायटीची वार्षिक सभा दोन वर्षं लांबली तर सभासद दारात येतात.

9 जानेवारी 2005 ला नैरोबीत खार्टूम सरकार आणि गारांग यांच्या संघटनेत शांतता करार झाला. 9 जुलैला गारांग सुदानचे प्रथम उपाध्यक्ष झाले. खार्टूममध्ये त्यांच्या स्वागताला लाखोंची गर्दी लोटली होती, त्यात उत्तरेचे लोकही होते. त्यानंतर बरोबर एकवीस दिवसांनी, 30 जुलैला, युगांडाहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून ते गेले. नव्या सुदानचा विचार ज्याच्या एकट्याच्या डोक्यात होता तोच गेला. पाचांतले उरले साल्वा कीर, आणि कीर यांचा कल पहिल्यापासून वेगळ्या देशाकडे. त्या करारात ठरलेल्या 2011 च्या सार्वमतात जवळजवळ 99 टक्के मतं वेगळं होण्याच्या बाजूने पडली.

हो, दोनच मिनिटं.

2011 मध्येच माचार गारांगच्या घरी गेले आणि त्यांच्या पत्नी रेबेका यांच्यासमोर बोरच्या कत्तलीबद्दल माफी मागितली. माणसं रडली. मला वाटतं, ते रडणं खरं होतं. पण नेता बदलायचा तर कुठे, कसा, याची सोय संघटनेत तेव्हाही नव्हती. 15 डिसेंबर 2013 ला राजधानी जुब्यात कीर आणि माचार यांच्या सैनिकांत गोळीबार झाला आणि नव्या देशात नवी यादवी पेटली. त्याच महिन्यात अकोबोच्या संयुक्त राष्ट्रांच्या छावणीत आश्रयाला आलेल्या लोकांना वाचवताना आपले दोन भारतीय शांतिसैनिक गेले. जागा जोंगलेईचीच. आणि बोर शहर काही आठवड्यांत चार वेळा या हातातून त्या हातात गेलं.

2022 मध्ये कालवा पुन्हा खोदायची गोष्ट जुब्याच्या सरकारातूनच निघाली. तिथल्या विद्यापीठातल्या मंडळींनी विरोध केला, सह्या गोळा केल्या, आधी लोकांना विचारा म्हणाले. या वेळी बंदुकीशिवाय म्हणाले.

घंटा झाली. नकाशा इथेच ठेवतो. कालव्याची रेघ मी लाल पेन्सिलीने काढलीय आणि गुरांच्या वाटा हिरव्या. ज्यांना पाहायचंय त्यांनी पुढे या.