शेवटची बस किती वाजता?

(दृश्य: मेनरोड, रात्र. साडीच्या दुकानाची गादी, उलगडलेल्या साड्या.)

नाशिकच्या मेनरोडवर रात्रीचे साडेआठ वाजलेत. गादीवर अजून दोन गिऱ्हाइकं बसली आहेत. समोर दहा-बारा साड्या उलगडून पडल्यात, पसंती व्हायची आहे. आतल्या बाजूला उभी असलेली ताई घड्या घालायला सुरुवात करते. काठाला काठ जुळवायचा, तळहातानं दाबत न्यायचं, मग दुमड. दुमड पडता पडता तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. थोड्या वेळानं पुन्हा जाते. गिऱ्हाइकाच्या ते लक्षात येतं. "राहू द्या, उद्या येते," म्हणून बाई उठतात. उद्या त्या येतीलच असं नाही.

ताईला पाथर्डी फाट्याला जायचंय. इथून शालिमारपर्यंत चालत, तिथून बस. बस चुकली की रिक्षा, आणि रात्रीची रिक्षा तिच्या दिवसभराच्या कमाईचा चांगलाच तुकडा काढून घेते.

नाशिक एवढ्या लवकर का झोपतं, याची कारणं मी लहानपणापासून ऐकत आलोय. आपलं गाव निवांत. आपलं तीर्थक्षेत्र, इथे रात्री कोणाचं काय काम? हल्ली त्यात भर पडली, की सगळं गिऱ्हाईक मोबाइलनं नेलं. या सगळ्यात थोडंफार तथ्य असेल. पण मेनरोडवर, शालिमारला, नाशिकरोडला संध्याकाळी उभं राहून पाहिलं की मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. या शहराची झोपायची वेळ शेवटची बस ठरवते.

(दृश्य: मेनरोडवरची जुनी नगरपालिकेची इमारत. समोर दुचाकींची रांग.)

ही मेनरोडवरची जुनी नगरपालिका. आज हिच्यासमोर दुचाकी लावायला जागा मिळत नाही. पण एके काळी इथून ट्राम सुटायची. हो, नाशिकमध्ये ट्राम होती. साधारण 1889च्या सुमारास ती सुरू झाली. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. इथून निघायची ती थेट नाशिकरोड स्टेशनला. रेल्वे गावात आली नाही, आठ-दहा किलोमीटर लांबून गेली, मग गावच रुळांवर बसून रेल्वेकडे गेलं. मधला भाग तेव्हा बहुतेक रान होता. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद पडली.

मला या ट्रामचं फार अप्रूप आहे. एक टोक बाजारात आणि दुसरं स्टेशनवर, एवढा सरळ विचार त्या माणसांनी केला होता. बाजार आणि वाहन यांचा विचार त्यांनी वेगवेगळा केलाच नाही.

(दृश्य: नाशिकरोड, बिटको चौक. संध्याकाळची गर्दी.)

मी नाशिकरोडचा. वडील प्रेसमध्ये होते. आमच्याकडे दिवाळीची खरेदी म्हणजे "नाशकात जायचं". नाशिकरोडची माणसं अजूनही असंच म्हणतात, जणू आपण वेगळ्या गावात राहतो. एसटीच्या लाल सिटी बसमधून दत्तमंदिर, उपनगर, विजय-ममता, द्वारका करत आम्ही शालिमारला उतरायचो. आई रविवार कारंजापर्यंत दुकानं पालथी घालायची. वडील मात्र पिशव्या धरून बाहेर उभे. आठ वाजले की त्यांचं सुरू व्हायचं, "गाडी जाईल हं." एका वर्षी आईला भांडी बाजारातला पितळी डबा आवडला होता. भाव थोडा घासायचा होता. वडिलांनी घड्याळ दाखवलं आणि आम्ही निघालो. पुढे कितीतरी वर्षं स्वयंपाकघरात डबा काढताना आई म्हणायची, "तो चांगला होता."

तेव्हाचं नाशिक आणि आताचं नाशिक यांत फरक केवढा! 1982 साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची खेडी मिळून महानगरपालिका झाली. 2001च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती 10 लाख 77 हजार. 2011मध्ये ती 14 लाख 86 हजार झाली. त्यानंतर तर आडगाव, मखमलाबाद, पाथर्डी, जिकडे पाहावं तिकडे मळ्यांच्या जागी इमारती आल्या. घरं लांब लांब गेली. सराफ बाजार, दहीपूल, कानडे मारुती लेन मात्र जिथे होते तिथेच आहेत, कारण त्यांना हलायचं कारणच नाही.

(दृश्य: सकाळी, निमाणी बसस्थानक. बस सुटताना, आतून.)

8 जुलै 2021 रोजी महापालिकेनं शहराची बससेवा स्वतःच्या हातात घेतली. सिटीलिंक. त्याआधी हे काम एसटी करत होती आणि तोट्यापायी फेऱ्या कमी कमी होत गेल्या होत्या. सीएनजी आणि डिझेल मिळून अडीचशेच्या आसपास बस रस्त्यावर आणायचं ठरलं. तपोवन आणि नाशिकरोडला डेपो. मोबाइलवर बस कुठवर आली ते दिसू लागलं. स्वच्छ काचा, बसायला नीट जागा. पहिल्यांदा त्या बसमध्ये बसलो तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं.

ही सेवा चालते कशी, हे थोडं समजून घ्यायला हवं. बस आणि चालक ठेकेदाराचे. महापालिकेचं परिवहन महामंडळ त्याला किलोमीटरमागे पैसे देतं आणि तिकिटाचे पैसे महामंडळाच्या खात्यात येतात. म्हणजे बस रिकामी धावली तरी ठेकेदाराला किलोमीटरचे पैसे मिळतात, आणि भरलेली धावली तर फायदा शहराचा. त्यामुळे रात्री अकराला बस सोडायची की नाही, हा निर्णय ठेकेदाराच्या नफ्या-तोट्यावर अडून राहत नाही. तो शहरानं घ्यायचा असतो. रस्त्यावरचा दिवा रात्री दोन वाजता कोणासाठी जळतो, असं आपण विचारत नाही. रात्रीच्या चार फेऱ्यांचा खर्चही त्याच हिशेबात धरता येईल.

आणि दिवसाचं म्हणाल, तर नुसत्या बसच्या आकड्यानं भागत नाही. दोन बसमधलं अंतर बघायला हवं. अर्ध्या तासानं बस असेल तर माणूस वेळापत्रक बघतो, हिशेब करतो आणि शेवटी गाडीला किक मारतो. दहा मिनिटांनी असेल तर काहीही न बघता थांब्यावर जाऊन उभा राहतो. निमाणी, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, शालिमार, द्वारका, नाशिकरोड हा आपला कणा आहे. सीबीएस ते सातपूर हा दुसरा, सिडको-पाथर्डी हा तिसरा. या तीन रस्त्यांवर आधी दहा मिनिटांची बस पक्की करावी, बाकीचे फाटे मागून जोडावेत, असं माझं मत आहे. शहराच्या नकाशावर पन्नास मार्ग रंगवून प्रत्येकावर तासाला एक बस सोडली, तर कोणत्याच थांब्यावर माणूस भरवशानं उभा राहणार नाही.

मेट्रो निओचं काय? 2019मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली. 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा 2,092 कोटी रुपयांचा उल्लेख झाला. रबरी टायरवर, उन्नत मार्गावरून धावणारी विजेची लांब बस, अशी ती कल्पना. त्या दिवशी गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. व्हावी ती, जरूर व्हावी. पण साडीच्या दुकानातल्या ताईला आज रात्री घरी जायचं आहे.

(दृश्य: शालिमार. शेअर रिक्षावाल्यांच्या हाळ्या.)

"नाशिकरोड, नाशिकरोड! एक सीट, एक सीट!"

आज रात्रीचं नाशिक चालतं ते या हाळीवर. मागे तीन-चार, पुढे चालकाला चिकटून आणखी एक. यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण रात्री साडेदहाला नाशिकरोडला पोचवणारं दुसरं कोण आहे, तेही सांगावं लागेल. एकदा पावसात एका रिक्षावाल्यानं मला द्वारकेला मध्येच उतरवलं, पुढचं गिऱ्हाईक नाही म्हणून. पूर्ण भाडं घेतलं. चिखलात उभं राहून मी खूप चिडलो होतो. आज विचार केला की वाटतं, त्याला तरी रिकामी गाडी नेऊन काय मिळणार होतं? शेअर रिक्षाला ठरलेला थांबा, ठरलेलं भाडं आणि भाड्याची पाटी मिळाली, तर बस जिथे वळत नाही त्या कॉलनीत शेवटचे दोन किलोमीटर तीच नेईल.

(दृश्य: मेनरोड, दुपार. दुकानाच्या पायरीवर कॅमेरा स्थिर.)

मेनरोडचे दुकानदार सांगतात, "पार्किंग नाही, म्हणून गिऱ्हाईक मॉलला जातं." त्यांची तळमळ खरी आहे. मी मुद्दाम एका पायरीवर बसून राहिलो. माझ्यासमोर पिशव्या घेऊन गेलेली बहुतेक माणसं पायी होती. नऊवारीतल्या दोन आज्या, शाळेचा युनिफॉर्म घ्यायला आलेलं कुटुंब, लग्नाच्या याद्या हातात धरलेले मामा-मामी. मोटार एकच आली. ती वीस मिनिटं पुढे सरकली नाही आणि तिच्यामागे सगळा रस्ता खोळंबला. तिच्यात बसलेल्यांनी काहीच विकत घेतलं नाही. बाजाराला हवंय ते शालिमार आणि रविवार कारंजा या दोन्ही तोंडांशी बसमधून उतरणारं माणूस, आणि त्याला मोकळेपणी चालायला मिळणारा रस्ता. पथारीवाल्यांनाही त्यात जागा हवी. 2014च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांची नोंद करून जागा नेमून द्यायला सांगितलं आहे. कंगवे, रुमाल, वातीची पुडकी विकणारी ही माणसं गेली तर मेनरोडचा मेनरोड राहणार नाही.

आता रात्रीचं. 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं महाराष्ट्रात दुकान चोवीस तास उघडं ठेवता येऊ लागलं, दारूची ठिकाणं सोडून. त्याच कायद्यात एक फार चांगली गोष्ट आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं, तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षेची व्यवस्था हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी. पण कायदा केला तेव्हा तो दहा किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. मेनरोडच्या कितीतरी दुकानांत मालक धरून पाच माणसं असतात. त्या ताईच्या दारापर्यंतची सोय म्हणजे सिटी बस. ती नसेल तर कायद्यानं दिलेली रात्र तिच्या काही कामाची नाही.

(दृश्य: नवरात्र, पहाट. कालिका मंदिराकडे जाणारा रस्ता.)

नाईटलाइफ म्हटलं की गंगापूर धरणाकडची वायनरी आणि कॉलेज रोडचे कॅफे डोळ्यांसमोर येतात. तरुण मुलांना ते हवंच, मिळावंच. पण नाशिकची रात्र त्याहून जुनी आहे. मे महिन्यात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. दगडी पायऱ्या दिवसभराच्या उन्हानं अजून गरम असतात, त्यावर वर्तमानपत्र अंथरून माणसं ऐकत बसतात. कालिदास कलामंदिरात नाटकाचा पडदा पडतो तेव्हा बाहेर शालिमारचा थांबा मोकळा असतो. मी दोनदा दुसरा अंक अर्धा टाकून उठलोय, शेजारच्यांचे गुडघे चुकवत, वाकून. नाशिकरोडला जायचं होतं.

आणि ही नवरात्रातली पहाट बघा. चार वाजलेत. बायका अनवाणी कालिकेला निघाल्यात. दोघी-तिघी, कुठे एकटीच, हातात ओटीचं ताट. त्यांना कोणी "एवढ्या रात्री कुठे?" असं विचारत नाही. दिवे लागलेले आहेत, फुलवाल्या बसल्या आहेत, चहाची टपरी सुरू आहे, येणारी-जाणारी माणसं आहेत. याच रस्त्यावर नवरात्र संपल्यावर रात्री दहालाही एकटी बाई झपझप चालते. रस्ता तोच, गावही तेच. टपऱ्या आणि माणसं तेवढी गेलेली असतात.

2027मध्ये सिंहस्थ आहे. 2015च्या सिंहस्थात शहराबाहेरच्या वाहनतळांपासून बसनं लाखो माणसं आणली आणि परत नेली. आपल्याला हे जमतं, पर्वणीच्या दिवशी तर अपरात्रीही जमतं. या वेळी रस्ते होतील, घाट होतील. पर्वणी संपल्यावर सिंहस्थासाठी धावलेल्या बसमधल्या चार रात्रीसाठी इथेच ठेवा, एवढं मागणं मागावंसं वाटतं. एक शालिमारहून नाशिकरोडला, एक सिडको-पाथर्डीला, एक सातपूरला, एक पंचवटीवरून आडगावला. अकरा वाजता आणि साडेबारा वाजता. थांब्यावर एक चांगला दिवा आणि त्या दिव्याखाली एका चहावाल्याला परवाना.

(दृश्य: नाशिकरोड स्टेशन, रात्र. गाडी फलाटाला लागते.)

मुंबईहून पंचवटी एक्सप्रेस आली. 1975 पासून ही गाडी नाशिकची माणसं सकाळी मुंबईला नेते आणि रात्री परत आणते. डबे, बॅगा, दिवसभराचा शीण. कधी ती वेळेवर येते, कधी उशिरा. बाहेर पडल्यावर माणसं आधी बस थांब्याकडे मान वळवतात. आज एक उभी आहे. आतले दिवे चालू, इंजिन बंद. चालक खाली उतरून जिन्याकडे बघतोय.

"या ताई, या. सगळे आले की सोडतो."