पंचनाम्यात नसलेली मोटर

कालव्याच्या काठावर सिमेंटचा जो रिकामा ओटा दिसतो आहे, त्यावर गेल्या उन्हाळ्यापर्यंत पाण्याची मोटर होती. नाशिक जिल्ह्यातील या शेतकऱ्याने पाणी उपसण्याचा परवाना घेतला नव्हता आणि ते ही गोष्ट नाकारतही नाहीत. आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरलेल्या पाळीने पाणी सोडणे, चालू असताना अधिकारी आले आणि दोन मोटरी जप्त करून घेऊन गेले. पंचनाम्याच्या प्रतीवर मात्र, शेतकऱ्याचे बोट जिथे टेकले आहे तिथे, 'मोटर, १ नग' एवढीच नोंद आहे. दुसरी मोटर त्याच अधिकाऱ्याच्या विहिरीवर बसवली गेली, अशी त्यांची तक्रार आहे.

जप्ती हे सरकारी काम होते. मग मोटर घरी नेणे हेही सरकारी काम मानायचे का?

हा प्रश्न जुना आहे. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्याला पदावरून दूर करता येत नाही, अशा लोकसेवकावर कर्तव्य बजावताना घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवण्यासाठी आधी सरकारची परवानगी लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या खटल्यांपासून जपणारी ही तरतूद असायलाच हवी. पण ती कर्तव्याला जपते, खुर्चीवरच्या माणसाला नव्हे.

१९३९ मध्ये फेडरल कोर्टापुढे, म्हणजे ब्रिटिशकालीन भारतातील वरिष्ठ न्यायालयापुढे, होरी राम सिंग यांचे प्रकरण आले, तेव्हा अशाच संरक्षणाची तरतूद १९३५ च्या भारत सरकार कायद्यात होती. सरकारी दवाखान्यातील या डॉक्टरांवर दोन आरोप होते: औषधे स्वतःच्या घरी नेली आणि साठ्याच्या नोंदवहीत खोट्या नोंदी केल्या. नोंदवही लिहिणे हे त्यांचे कामच असल्याने खोट्या नोंदीच्या खटल्याला पूर्वसंमती लागेल, औषधांच्या अपहाराला लागणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. १९४८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या अंतिम अपील न्यायालयाने, हेच अधिक स्पष्ट केले: रुग्णाला तपासणे हे सरकारी डॉक्टरचे काम आहे, तपासताना त्याचा खिसा कापणे नव्हे. अर्थात प्रत्येक अपहार या कवचाबाहेर पडतो असे नाही. १९५५ मध्ये बांधकाम खात्यातील अधिकारी अमरीक सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी आवश्यक मानली, कारण तेथील कृत्य थेट कामाच्या कागदांशी जोडलेले होते.

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, टंकलेखकाच्या टेबलावर, या शेतकऱ्याचा तक्रारअर्ज आता टाइप होतो आहे. नव्या कायद्यानुसार मंजुरीच्या मागणीवर १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर मंजुरी मिळाली असे मानले जाते. दरम्यान त्या हंगामातील पीक गेले. अर्जात पंचनाम्यातील चुकीची नोंद एका परिच्छेदात आणि विहिरीवरची मोटर दुसऱ्या परिच्छेदात लिहिली आहे, आणि त्या दुसऱ्या परिच्छेदासाठी कोणाचीही परवानगी मागितलेली नाही.