कूलर बंद करा, ताई वाचताहेत

(नागपुरातील एका ग्रंथालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

माझी ओळख करून देताना ‘नवोदित लेखक घडवणाऱ्या’ असं म्हटलं गेलं. ते मी आधी परत करते. गेली काही वर्षं एका कम्युनिटी कॉलेजात मी शनिवारी दुपारी चार ते साडेसहा लेखनाचा वर्ग घेते. तिथं कोणी घडत-बिडत नाही. माणसं आपापली पानं घेऊन येतात, वाचतात, दुसऱ्यांची ऐकतात आणि घरी जाऊन पुन्हा लिहितात. काही जण दुसऱ्या शनिवारी येतच नाहीत. त्यांचाही मला राग येत नाही, कारण चार वाजताचं नागपूरचं ऊन मलाही कळतं.

उन्हाचं निघालंच आहे तर तिथूनच सुरू करते. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. मे महिन्यात पारा ४४-४५ला गेला की भिंतीला हात लावता येत नाही. खिडकीत एक जुना लोखंडी कूलर आहे. वाळ्याच्या ताट्या नव्या असतील तोवर वास छान येतो, पण आवाज पिठाच्या गिरणीसारखा. अशाच एका शनिवारी महाल भागात पिको-फॉलचं दुकान चालवणाऱ्या एक ताई पहिल्यांदा वाचायला उभ्या राहिल्या. आवाज आधीच बारीक, त्यात हातातला कागद थरथरत होता. मागच्या बाकावरचे ऑटोवाले भाऊ अर्धा मिनिट कानामागे हात धरून बसले, मग उठले आणि कूलरचं बटण बंद करून आले. वीस माणसं, बंद खोली, मे महिना. कोणी हूं की चूं केलं नाही. ताईंचं वाचन संपेपर्यंत सगळे घाम पुसत ऐकत राहिले.

ही कार्यशाळा कशासाठी, असं मला कोणी विचारलं की मी हा प्रसंग सांगते. आपलं लिहिलेलं ऐकण्यासाठी कोणी कूलर बंद करतं, हे माणसाला एकदा कळलं की त्याचं पुढचं पान वेगळं उतरतं. घरी टेबलाशी एकट्यानं लिहिताना हा ऐकणारा समोर नसतो. आम्ही फक्त तो मिळवून देतो.

आता ताईंनी काय वाचलं ते सांगते. विषय होता ‘आई’. पान सुरू झालं ‘आई म्हणजे वात्सल्याचा सागर’ इथून आणि संपलं ‘तिचे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत’ इथं. मध्ये जे होतं ते तुम्हाला पाठच आहे, कारण दहावीच्या निबंधात तुम्हीही तेच लिहिलं होतं. पान खोटं नव्हतं, पण त्यात त्यांची आई कुठं दिसत नव्हती. कोणीतरी विचारलं, ‘ताई, आई काय काम करत होत्या?’ त्या म्हणाल्या, ‘आमच्या घरी माग होता. बाबा विणत, आई रहाटावर सुताच्या कांड्या भरे.’ मग आपल्याच नादात म्हणाल्या, ‘तिच्याशी बोलायचं म्हणजे आकड्यांच्या मधल्या जागेत बोलावं लागे. कांड्या मोजून द्यायच्या असत ना. मी शाळेतून आले की ती म्हणे, सत्तावीस, भाकर टोपल्यात आहे, अठ्ठावीस, हात धू, एकोणतीस.’

खोलीत एकदम शांतता झाली. ताई घाबरल्या. काही चुकीचं बोललो की काय, असं त्यांना वाटलं.

नागपुरी लुगडी विणणाऱ्या घरांविषयी, कोष्टी समाजाविषयी, इथल्या एम्प्रेस मिलविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. ती मिल १८७७ सालची, जमशेटजी टाटांची. पण रहाटापाशी बसलेली बाई लेकीशी आकड्यांच्या फटीतून बोलते, हे मी तरी कुठं वाचलं नव्हतं. ते ताईंकडे चाळीस वर्षं पडून होतं. त्यांनी लिहिलं नाही, कारण त्यांच्या मते ते ‘साहित्य’ नव्हतं; साहित्य म्हणजे वात्सल्याचा सागर. ही समजूत मोडायला एकट्या माणसाला आयुष्य लागतं. समोर वीस जण अचानक गप्प झाले की ती पाच मिनिटांत मोडते.

कम्युनिटी कॉलेज हे नाव आपण अमेरिकेतून आणलं. तिथं इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली अशा प्रकारचं पहिलं सार्वजनिक कॉलेज निघालं. दोन वर्षांचं शिक्षण, फी कमी, प्रवेशाला अडवणूक नाही, संध्याकाळचे वर्ग, दिवसा काम करणारी माणसं. आपल्याकडे पाँडिचेरी विद्यापीठानं १९९५ मध्ये सुरुवात केली आणि पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं बाराव्या पंचवार्षिक योजनेत त्याची रीतसर योजना केली. पण आपण घेताना त्यातलं कौशल्य तेवढं घेतलं. टॅली, शिवणकाम, रुग्णसेवा, मोबाइल दुरुस्ती. सगळं गरजेचं आहे, मी नाक मुरडत नाही. तिथल्या कॉलेजांत मात्र वेल्डिंगच्या वर्गाशेजारी कवितेचाही वर्ग भरतो, विद्यार्थ्यांचं नियतकालिक निघतं, वाचनाच्या संध्याकाळी होतात. हा भाग आपण गाडीतच विसरून आलो.

पालक विचारतात, ‘मॅडम, यानं नोकरी लागते का?’ मी सांगते, नाही लागत. भाषांतर, जाहिरातीचा मजकूर, मालिकांचे संवाद अशी कामं असतात, एखाद्याला मिळतातही; पण त्या आशेवर फी भरू नका. हे ऐकूनही जे येतात ते टिकतात.

लेखन शिकवण्याची जगातली नावाजलेली जागा म्हणजे आयोवा विद्यापीठाची कार्यशाळा, १९३६ची. त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात आपले कवी दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात राहून आले. पण तिथं निवडून घेतलेले लेखक असतात. आमच्याकडे दार उघडं आहे. जो येईल तो आपला.

आणि खरं सांगायचं तर आयोवाला जायची गरजही नाही. विदर्भात हे शिकणं-शिकवणं फार जुनं आहे, फक्त त्याला आपण कार्यशाळा म्हटलं नाही. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ आठवा. गझल लिहू पाहणाऱ्या नव्या मुलांसाठी त्यांनी काफिया म्हणजे गझलेतलं यमक काय असतं, त्यामागून दर वेळी तीच येणारी रदीफ कशी सांभाळायची, वृत्त कुठं मोडतं, हे साध्या शब्दांत लिहून काढलं आणि पत्र पाठवणाऱ्यांना पोस्टानं धाडलं. एवढा मोठा कवी, आणि अनोळखी पोरांना बाराखडी पाठवतोय. दुसरं उदाहरण गंगाधर पानतावणे सरांचं. जन्म नागपूरचा, पुढं औरंगाबादेत राहून त्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. नाव नीट ऐका, लेखक-वाचक. लिहिणारा आणि ऐकणारा एकाच सतरंजीवर. ज्यांच्या घरात लिहिणारी पहिलीच पिढी होती, अशा कितीतरी मुलांना आपलं वाचून दाखवायची जागा तिथं मिळाली. विदर्भ साहित्य संघ तर १९२३ पासून आहे. तेव्हा मी काही नवं करते आहे, अशा भ्रमात मी नाही.

वर्ग चालतो कसा, तेही थोडक्यात सांगते. वाचणाऱ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी आधी एवढंच सांगायचं की आपल्याला काय दिसलं. नंतर, आपण कुठं अडलो. ‘छान’ हा शब्द बंद. जो म्हणेल त्यानं डब्यात पाच रुपये टाकायचे. महिन्याअखेरीस त्या पैशांचे तर्री-पोहे येतात. पहिल्या महिन्यात पोहे भरपूर होतात, तिसऱ्या महिन्यात मला खिशातून भर घालावी लागते. चर्चा सुरू असताना लेखकानं गप्प बसायचं, असाही एक नियम मी पुस्तकं वाचून आणला होता. नागपुरात तो दोन शनिवारसुद्धा टिकला नाही. मी सोडून दिला.

भाषेचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल. एका मुलानं वाडी नाक्यावरच्या दोन ट्रकवाल्यांची गोष्ट आणली होती. मुलगा स्वतः तिथल्या टायरच्या दुकानात काम करणारा, त्यामुळे तपशील पक्के. पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात कशी फिरवतात, बुडबुडा दिसला की अंगठा कुठं दाबतात, सगळं बरोबर. आणि पहिला ट्रकवाला दुसऱ्याला म्हणतो, ‘मित्रा, तू कुठे निघाला आहेस?’ वर्ग हसून लोळला. तो मुलगाही हसला, मग म्हणाला, ‘मॅडम, ते बोलतात तसं लिहिलं तर शुद्धलेखनाचे मार्क जातात.’ बारा वर्षं शाळेनं त्याला एवढं नीट शिकवलं होतं. ‘करून राहिलो’ लिहिलं की लाल रेघ. दुसऱ्या शनिवारी त्यानं वाक्य बदलून आणलं, ‘कुठं चाल्ला बे?’ बास, दोन्ही ट्रकवाले जिवंत झाले.

पण याचा एक तोटाही झाला. पुढचा महिनाभर वर्गातल्या प्रत्येकाच्या गोष्टीत सगळे जण ‘बे’ आणि ‘काहून’ करू लागले. निवृत्त मुख्याध्यापक बायकोला ‘काहून वं’ म्हणतात, डॉक्टर पेशंटला ‘बे’ म्हणतो. मित्रा-निघाला-आहेस जितकं खोटं, तितकंच हेही. धरमपेठेतल्या बंगल्यात एक मराठी असते, पाचपावलीत दुसरी, आणि पाचपावलीतला माणूस बँकेच्या खिडकीशी उभा राहिला की त्याची मराठी तिसरीच होते. ते ऐकून लिहायचं. बोलीचा अभिमान वगैरे ठीक आहे, पण आधी कान पाहिजे.

आता कार्यक्रमांविषयी. इथं मी जरा कडू बोलणार आहे. एकदा एका संस्थेनं मला एक दिवसाच्या काव्यलेखन कार्यशाळेला बोलावलं. वेळ अकरा ते दोन. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग अध्यक्ष उशिरा आल्यामुळे पुन्हा एकदा स्वागत. माझ्या हातात माईक आला तेव्हा पाऊण वाजला होता आणि मागं जेवणाच्या ताटांचा आवाज सुरू झाला होता. साठ मुलं वह्या घेऊन बसली होती. त्यांतल्या एकानंही त्या दिवशी एक ओळ लिहिली नाही. प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना मिळाली. त्या श्रीफळाची चटणी केली मी, पण ती घशाखाली उतरली नाही.

तेव्हापासून ठरवलं की आमचा कार्यक्रम वर्गातल्या कामातूनच निघेल. नागपुरात त्यासाठी फार शोधावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडे मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. १८८०च्या दशकापासूनची परंपरा. काळी मारबत, पिवळी मारबत, त्यांच्यामागं बडगे नावाचे पुतळे, आणि प्रत्येक बडग्याच्या गळ्यात पाटी. लिहिणाऱ्यासाठी याहून कठीण परीक्षा नाही. वाचणारा गर्दीत ढकलला जातोय, ढोल वाजतोय, बडग्या पुढं सरकतोय. तुमचं वाक्य त्याला एका नजरेत कळलं पाहिजे आणि हसू आलं पाहिजे. म्हणून ऑगस्टमधले दोन शनिवार आम्ही पाट्या लिहितो.

एका निवृत्त कारकुनांनी लिहून आणलं होतं: ‘सरकारी कार्यालयांमध्ये सामान्य माणसाला वारंवार चकरा मारायला लावणाऱ्या भ्रष्ट प्रवृत्तीला घेऊन जा गे मारबत.’ मी फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, यातलं तुम्हाला डोळ्यांनी काय दिसतं? ‘प्रवृत्ती’ दिसते का? नाही. ‘चकरा’ दिसतात, थोड्याशा. मग चकरा मारायला कोण लावतं? साहेब. साहेब दिसतो का? नाही मॅडम, साहेब कधीच दिसत नाही, खिडकी दिसते. आणि खिडकी काय म्हणते? सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, ‘उद्या या!’ दहा मिनिटांत पाटी तयार झाली:

‘उद्या या’ म्हणणाऱ्या खिडकीले घेऊन जा गे मारबत!

शेवटचे चार शब्द परंपरेचे, त्यांना हात लावायचा नाही. आधीच्या दहा शब्दांचे चार झाले. आणि ‘खिडकीला’चं ‘खिडकीले’ कोणी केलं माहीत आहे? त्या कारकुनांनीच. आयुष्यभर ‘विषयांकित प्रकरणी’ लिहिलेला माणूस. म्हणाले, ‘मॅडम, मी तीस वर्षं त्या खिडकीच्या आतल्या बाजूनं होतो.’ आम्ही पुठ्ठ्यावर पाट्या रंगवल्या, खिळ्यांनी काठ्यांना ठोकल्या आणि गर्दीत उभे राहिलो. एका पोरानं ती पाटी मोठ्यानं वाचली आणि हसत पुढं गेला. कारकुनांना शाल-श्रीफळाची आठवणही झाली नाही.

पिको-फॉलवाल्या ताईंचं राहिलं. त्यांनी ते पान चार वेळा लिहिलं. शेवटी आईचं मोठेपण सांगणारा एक परिच्छेद असावा, असं मी सुचवलं होतं. ऑटोवाले भाऊ म्हणाले, ‘कायले मॅडम? आकड्यावरच थांबू द्या न.’ मी हट्टानं ताईंकडून तो परिच्छेद लिहून घेतला, त्यांनी तो वाचला, आणि भाऊंचं बरोबर निघालं. परिच्छेद गेला.

सत्र संपताना आम्ही त्याच खोलीत वाचनाची दुपार ठेवतो. पाहुणे नाहीत, हार नाहीत, घरची माणसं आणायची. ताई आईला घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, ऐकायला कमी, म्हणून त्यांची खुर्ची अगदी लेकीसमोर ठेवली. कूलर बंद केला. ताईंनी वाचलं, ‘सत्तावीस, भाकर टोपल्यात आहे, अठ्ठावीस.’ आजी मध्येच म्हणाल्या, ‘टोपल्यात कायची? शिंक्यावर राहे भाकर. टोपल्यात ठेवली तं मांजर नाही खात का?’

ताईंनी पर्समधून पेन काढलं, खुर्चीच्या हातावर कागद ठेवून ‘टोपल्यात’ खोडलं, वर ‘शिंक्यावर’ लिहिलं आणि सत्तावीसपासून पुन्हा वाचायला घेतलं.