नाव मालकाचं, गायक पगारी

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्याच्याबद्दल बोलायचंय त्या गायकाचं नाव बेन ई. किंग. नाव ओळखीचं नसेल, तरी त्याचं एक गाणं तुमच्या कानावरून गेलेलं असणार. 'स्टँड बाय मी'. गिटारच्या क्लासला जाणारं पोरगं घरात असेल तर मग विचारायलाच नको, कारण चार कॉर्ड जमले की पुष्कळ मास्तर पोरांना हेच गाणं वाजवायला देतात. पण त्या गाण्याकडे मी जरा उशिरानंच येणार आहे. मला आज सांगायचाय तो एक किस्सा, आणि तो पगाराचा आहे.

सुरुवातीचं भराभर उरकतो. बेंजामिन अर्ल नेल्सन हे त्याचं जन्मनाव. जन्म 28 सप्टेंबर 1938, गाव हेंडरसन, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना राज्य. 1947 मध्ये घरदार न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आलं, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. चर्चमध्ये गाणं, शाळा, आणि मग वडिलांच्या खाण्याच्या दुकानात काम. हार्लेममध्ये त्या काळी कोपऱ्याकोपऱ्यावर पोरं टोळक्यानं गायची. वाद्यं नाहीत, कारण वाद्यांना पैसे लागतात. एकजण उंच पट्टीत, एकजण अगदी खर्जात, आणि मधले दोघं-तिघं सूर धरून उभे. ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ठेकेबाज लोकप्रिय गाणं, त्याच्या गायक-गटांतली कितीतरी मंडळी अशा कोपऱ्यांवर तयार झाली. बेंजामिनही तिथलाच. लव्हर पॅटरसन नावाच्या एका मॅनेजरनं त्याला दुकानात काम करता करता गाताना ऐकलं आणि 'फाइव्ह क्राउन्स' नावाच्या गटात घेतलं. साल 1958.

आता इथे मला एक दुसरं नाव मध्ये आणावं लागतंय. 'द ड्रिफ्टर्स'. हा गट 1953 मध्ये अटलांटिक रेकॉर्ड कंपनीनं क्लाइड मॅकफॅटर या गायकाला पुढे ठेवून उभा केला. काय आवाज होता त्या माणसाचा! पुढे मॅकफॅटर सैन्यात गेला, मग एकट्यानं गायला लागला, आणि जाताना गटातला आपला वाटा त्यानं मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलला विकला. हा ट्रेडवेल स्वतः कधीकाळी ट्रम्पेट वाजवायचा, सारा व्हॉन या थोर गायिकेचा नवरा होता, तिचा कारभारही त्यानंच पाहिला होता. म्हणजे गाण्याबजावण्यातला हिशेब त्याला पक्का ठाऊक. ड्रिफ्टर्स हे नाव आता त्याचं झालं आणि गायक झाले आठवड्याच्या पगारावरचे नोकर. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा श्रोतेहो, पुढे लागणार आहे: नाव मालकाचं, गायक पगारी.

तर 1958 चा उन्हाळा, हार्लेमचं अपोलो थिएटर. कार्यक्रमात ड्रिफ्टर्स आहेत आणि त्याच कार्यक्रमात ही नवखी फाइव्ह क्राउन्सची पोरंही आहेत. ट्रेडवेलचं आपल्या गायकांशी बिनसलं. पगाराची कुरकुर होती, बेशिस्त होती, वैताग होता. आणि त्यानं काय केलं? सगळे गायक काढून टाकले. एक नाही, दोन नाही, सगळे! पण अपोलोशी पुढचे करार झालेले होते, ड्रिफ्टर्स हजर तर करायलाच हवेत. मग त्यानं या फाइव्ह क्राउन्सच्या पोरांना विचारलं, तुम्ही ड्रिफ्टर्स होता का? पोरं हो म्हणाली. दुकानावरची पाटी तीच, आतली माणसं नवी.

जवळजवळ वर्षभर ही पोरं गावोगाव हिंडली. लोक तिकीट काढून यायचे जुने ड्रिफ्टर्स ऐकायला, आणि स्टेजवर उभी कोणीतरी भलतीच पोरं. आरडाओरडा व्हायचा. लोकांचं तरी काय चुकलं? त्यांनी ज्या आवाजासाठी पैसे मोजले तो आवाज पाटीच्या मागे नव्हताच.

मग आला 6 मार्च 1959. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत नव्या ड्रिफ्टर्सचं पहिलं रेकॉर्डिंग. गाणं 'देअर गोज माय बेबी', आणि ते लिहिण्यात बेंजामिनचा हात होता. मुख्य आवाज ठरला होता चार्ली थॉमसचा. स्टेजवर हा चार्ली एकदम खुलायचा, पण स्टुडिओतल्या माइकसमोर उभा राहिला आणि त्याचा आवाजच बसला. काही केल्या जमेना. घड्याळ चाललंय, वादक बसलेत, व्हायोलिनवाले बसलेत. शेवटी ज्यानं गाणं बांधलंय त्यालाच गाऊ दे, म्हणून बेंजामिनला पुढे केलं. असा तो मुख्य गायक झाला.

लीबर आणि स्टोलर ही निर्मात्यांची जोडी होती. त्यांनी या गाण्यात व्हायोलिनं घातली, मोठाले टिंपनी ढोल घातले, आणि खाली ब्राझीलच्या वळणाचा ठेका ठेवला. अटलांटिकचा जेरी वेक्सलर रेकॉर्ड ऐकून भडकला. त्याला तो नुसता गोंधळ वाटला. रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये अडकावा तसं हे वाजतंय, अशा अर्थाचं तो बोलला म्हणतात. रेकॉर्ड काही काळ तशीच पडून राहिली. बाहेर आली तेव्हा लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत, म्हणजे पॉपच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. माझं विचाराल तर ढोल सुरात नाहीत, वेक्सलरचा कान काही चुकीचा नव्हता. पण ते ढोल सुरात असते तर ते गाणं इतकं लक्षात राहिलं नसतं, असंही मला वाटतं. हल्लीच्या रेकॉर्डिंगमध्ये यंत्रावर सगळं घासूनपुसून सुरात आणतात, त्याबद्दल मला बरंच बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी.

आणि हो, त्या गाण्याच्या लेखकांत कोणाकोणाची नावं छापली, माहितीय? बेंजामिन नेल्सन, लव्हर पॅटरसन आणि जॉर्ज ट्रेडवेल. मालक इथेही हजर!

आता किस्सा. गाणं देशभर वाजतंय. दौरे वाढलेत, गर्दी वाढलीय, आता आरडाओरडा होत नाही, टाळ्या पडतात. आणि पगार? पगार तोच. आठवड्याचा ठरलेला. रेकॉर्ड किती खपल्या, त्याच्याशी गायकाचा संबंध नाही. पोरांनी आपसात ठरवलं, चला, ट्रेडवेलला जाऊन सांगू या. पैसे वाढवा, रेकॉर्डच्या कमाईत आम्हाला काही वाटा द्या. बोलायचं कोणी? बेंजामिननं. आवाज त्याचा, तर बोलणंही त्यानंच.

बैठक बसली. समोर ट्रेडवेल, इकडे गटातली सगळी पोरं. बेंजामिन उभा राहिला आणि बोलायला लागला. आमचं म्हणणं असंय, आम्हाला एवढ्यात भागत नाही, आम्ही असं, आम्ही तसं. ट्रेडवेलनं त्याला मध्येच थांबवलं. म्हणाला, सगळ्यांच्या वतीनं बोलू नकोस, तू तुझ्यापुरतं बोल. बेंजामिन म्हणाला, ठीक आहे, माझ्यापुरतं बोलतो. त्यावर ट्रेडवेल म्हणाला, मग तू निघ.

बेंजामिन दाराकडे चालू लागला. आता बघा, त्या पोराच्या मनात काय असेल? आपण उठलो, म्हणजे मागून खुर्च्या सरकणार. कालच तर सगळ्यांनी एका सुरात ठरवलंय! तो दाराबाहेर पडला. मागून कोणी आलं नाही. एकही जण नाही.

किंगनं हा प्रसंग पुढे मुलाखतींत अनेकदा सांगितला, आणि सांगताना साथीदारांच्या नावानं बोटं मोडत बसला नाही. मीही मोडणार नाही. जरा आठवा, त्या खुर्च्यांवर बसलेल्या पोरांना त्या खुर्च्या मिळाल्या कशा होत्या? अपोलोत मालकानं एका झटक्यात सगळे गायक काढले, तेव्हा त्यांच्या जागी हीच पोरं आली होती. मालक काय करू शकतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? उद्या आपल्या जागी हार्लेमच्या दुसऱ्या कोपऱ्यावरची चार पोरं उभी करायला त्याला कितीसा वेळ लागणार? म्हणून ती बसून राहिली. नाव मालकाचं, गायक पगारी.

याच्या पुढचा भाग तर आणखी भारी आहे. गट सोडला तरी काही काळ रेकॉर्डिंगला आवाज बेंजामिनचाच लागायचा. टीव्हीवर मात्र तो नसायचा. मग टीव्हीवर त्याच्या आवाजावर ओठ कोण हलवायचं? चार्ली थॉमस! स्टुडिओत ज्याचा आवाज बसला होता, तोच.

'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी' हे गाणं 1960 च्या मे महिन्यात असंच रेकॉर्ड झालं. गीत डॉक पोमसचं. पोमसला लहानपणी पोलिओ झाला होता, तो कुबड्यांवर चालायचा, आणि स्वतःच्या लग्नात बायको इतरांबरोबर नाचत असताना तो बसून पाहत होता. त्यातून हे गीत आलं. ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ड्रिफ्टर्सच्या नावावर. आणि ज्याचा आवाज त्यात आहे तो तेव्हा गटात नव्हता.

तो कुठे होता? 27 ऑक्टोबर 1960 ला तो स्टुडिओत होता, एकट्यानं, नव्या नावानं. बेन ई. किंग. 'स्पॅनिश हार्लेम' रेकॉर्ड झालं. शेवटी वेळ उरला तेव्हा त्याला विचारलं, आणखी काही आहे का तुझ्याकडे? त्यानं एक जुन्या चर्चगीताच्या धर्तीवरचं गाणं गाऊन दाखवलं. हे गाणं त्यानं आधी ड्रिफ्टर्ससाठी आणलं होतं, पण तिकडे ते घेतलं गेलं नाही. स्टोलरनं पियानोवर त्याला बेसची, म्हणजे खालच्या खर्जातल्या सुरांची ओळ बांधली. तेच ते 'स्टँड बाय मी'. 1961 मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं, पॉपच्या यादीत चौथं.

या गाण्याची सुरुवात म्हणजे ती बेसची ओळ, आणि सोबत जेमतेम टिकटिक. कृपा करून ती फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, तिथे बेस उरतच नाही. आणि आमच्याच धंद्यातल्या लोकांना हात जोडून विनंती, गाण्याच्या पहिल्या दहा सेकंदांवर बोलू नका! ती वाद्यं कोणीतरी मन लावून वाजवलेली असतात.

नंतरचं थोडक्यात. साठच्या दशकाच्या अखेरीस किंगचं नाव मागे पडलं. अटलांटिकच्या अहमत एर्तेगुननं त्याला मायामीत गाताना पाहिलं आणि पुन्हा करार केला, त्यातून 1975 मध्ये 'सुपरनॅचरल थिंग' पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. 1986 मध्ये एका चित्रपटामुळे 'स्टँड बाय मी' पुन्हा अमेरिकेत नवव्या क्रमांकावर आलं, आणि 1987 मध्ये ब्रिटनमध्ये, जीन्सच्या जाहिरातीत वाजल्यावर, थेट पहिल्या. पंचवीस वर्षं जुनी रेकॉर्ड! किंग 30 एप्रिल 2015 ला गेला, 76 व्या वर्षी.

आणि ट्रेडवेल? तो 1967 मध्ये वारला. ड्रिफ्टर्सचं नाव त्याच्या नंतरच्या बायकोकडे गेलं, फे ट्रेडवेलकडे. तिनं इंग्लंडमध्ये गट चालू ठेवला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या गटात गायला कोण उभं राहिलं? बेन ई. किंग. काही वर्षं तो तिकडे ड्रिफ्टर्सबरोबर गायला, त्याच नावाखाली.

आता रेकॉर्ड लावतो, 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी', 1960. कलाकार म्हणून रेकॉर्डवर छापलंय 'द ड्रिफ्टर्स'. मुख्य आवाज बेन ई. किंगचा.